शंभर दाण्यांची मोजणी

परात फरशीला लागली आणि टण्ण असा आवाज झाला.

सकाळचे साडेपाच वाजले असतील. सगळं घर गप्प होतं. मी परात दोन्ही हातांनी दाबून धरली, जणू काही तो आवाज परत आत ढकलता येणार होता. मागच्या खोलीत मामाजी खोकले, कूस बदलली, पुन्हा शांत झाले. आमच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत खुशी झोपलेली, एक पाय पलंगाच्या बाहेर. मी तेवढा पाय पाहिला आणि समाधान मानलं. चेहरा पाहायला हवा होता.

परातीखाली दोन गुंडाळ्या होत्या, ओल्या गोणपाटाच्या, हातभर लांब. एकीला लाल धागा बांधलेला, दुसरीला पांढरा. मी दोन्ही धागे सोडले. लाल होता तो पांढऱ्याच्या जागी बांधला, पांढरा लालच्या जागी. एवढंच. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. परात पालथी घातली आणि चहाचं आधण ठेवलं.

मध्य प्रदेशातल्या कटंगीच्या बाजार लाइनीत आमचं धानाच्या बियाण्याचं दुकान आहे, दुकानामागं घर. माझे सासरे नंदकिशोर, त्यांना मी मामाजी म्हणते, त्यांच्या वडिलांनी ते सुरू केलं. बियाणं विकायच्या आधी प्रत्येक ढिगातले शंभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करायची, धागा बांधायचा आणि स्वयंपाकघराच्या उबेच्या कोपऱ्यात परातीखाली ठेवायची. सकाळ-संध्याकाळ बोटांनी पाणी शिंपडायचं. आठव्या दिवशी उघडून किती दाण्यांना कोंब आले ते मोजायचं. ऐंशी आले तर तो ढीग बियाणं. एकोणऐंशी आले तर राइस मिल. दुकानाच्या दाराशी एक काळी पाटी टांगलेली आहे, तिच्यावर आकडा खडूनं लिहायचा, चांगला असो की वाईट.

असं दाणे रुजवून पाहणारे दुकानदार आणखीही असतील. आमच्या घरात एक गोष्ट वेगळी आहे. मोजायचं ते घरातल्या लहान पोरानं. मोठ्यांनी नाही. आधी मामाजींच्या बहिणीनं मोजलं, मग खुद्द केदारनं, माझ्या नवऱ्यानं, तो आठवीत जाईपर्यंत. मधली वर्षं चुलत घरातली पोरं मोजत. आता दोन वर्षांपासून आमची मुलगी खुशी मोजते. ती सात वर्षांची आहे.

लग्न होऊन आले तेव्हा मी मामाजींना विचारलं होतं, पोरांच्या हाती एवढं मोठं काम काहून देता? मी बालाघाटची, वडील सरकारी नोकरीत, आमच्याकडं लहान मुलांना कागदालाही हात लावू देत नसत.

"आपल्याले मालूम रायते कोणता आकडा पाह्यजे," मामाजी म्हणाले होते. "मंग डोळा तसाच पाह्यते. अर्धा कोंबही पुरा दिसते. पोराले मालूम नसते. त्याले जे दिसते ते सांगते."

आणि गिऱ्हाइकांनाही हे माहीत आहे. आमची जुनी गिऱ्हाईक दुर्गाबाई, तिला पाटी वाचता येत नाही. ती दरवर्षी दारात येऊन एवढंच विचारते, "पोरीनं मोजलं का?"

यंदा लाल धागा होता केदारच्या टिनाच्या गोडाऊनमधल्या बियाण्याचा. दोनशे चाळीस पोती. पांढरा होता मागच्या अंगणातल्या जुन्या कोठीचा, मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर. तिच्यात तीसच पोती मावतात, तीही जुन्या गिऱ्हाइकांची. टिनाचं गोडाऊन केदारनं मागच्या दिवाळीनंतर बांधलं. मामाजी नको म्हणत होते. टिन तापते, बियाण्याचा जीव जाते. केदार म्हणाला, बाबा, जमाना कुठं गेला अन् तुम्ही मातीतच बसून आहा. दोन महिने दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "त्याले सांग जेवाले ये." "बाबाले सांग मी जेवलो."

शेवटी मामाजींनीच तोड काढली. टिनाखालचं बियाणं ऐंशीच्या वर गेलं तर दुकानाची किल्ली केदारच्या हाती. नाही गेलं तर जसं चाललं तसं. केदारनं मान डोलावली, पण रात्रीच्या जेवणाला मला म्हणाला, "नाही गेलं तं मी रायपूरले जातो. मेव्हण्याच्या गोडाऊनवर नोकरी करतो. या घरात मले कधी मोठं होऊच देत नाही." तो हसत नव्हता.

पाणी शिंपडायचं काम माझं. सासूबाई गेल्या तेव्हापासून. त्यांनीच शिकवलं होतं, पाणी ओतायचं नाही, लेकराच्या तोंडावर शिंपडतो तसं शिंपडायचं. पाचव्या दिवशी पाणी शिंपडताना लाल गुंडाळीची कड थोडी उलगडली आणि मला दिसलं. दाणे तसेच होते, पिवळे, मुके. कुठं एखादा पांढरा ठिपका. शेजारच्या गुंडाळीतून मात्र कोंब गोणपाट भोकसून बाहेर आले होते.

संध्याकाळी केदारला सांगितलं.

"पाणी कमी पडलं अशीन," तो म्हणाला.

"दोन्हीले एकाच हातानं टाकते मी."

"सत्तरेक तं निघन न?"

"साठच्या आत आहे."

तो उठला, मोटरसायकलची किल्ली उचलली, परत ठेवली. बालाघाटच्या व्यापाऱ्याशी त्याचं बोलणं झालेलं होतं. मोजणीच्या दिवशीच अकराला ट्रक येणार होता. सगळी दोनशे चाळीस पोती वारासिवनी, लांजीकडच्या गावांत जाणार होती.

"शेतकरी तसंही थोडं जास्तच पेरते," तो म्हणाला. मग दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला, "शेवटी धागेच तं आहेत, दीपिका."

म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. तीन दिवस आम्ही दोघंही त्या कोपऱ्याकडं न पाहता स्वयंपाकघरात वावरलो. तीन दिवस मी स्वतःला सांगत होते की घर मोडू नये म्हणून बाई काय काय करते, हे तर साधे धागे आहेत.

आठव्या दिवशी नऊ वाजता मामाजींनी दुकानात सतरंजी टाकली. खुशी आंघोळ करून, दोन वेण्या घालून बसली. तिच्या हातात झाडूची एक काडी. कोंबवाला दाणा डावीकडं, मुका उजवीकडं. बोटानं शिवायचं नाही, कोंब मोडतो. फकिरा, आमचा जुना हमाल, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. केदार गल्ल्याजवळ, हातात मोबाइल, पण स्क्रीन काळी.

"मराठीत मोज," मामाजी म्हणाले.

"हौ आबाजी."

लाल धागा मामाजींनीच सोडला. गोणपाट उलगडलं. आतून हिरवट पांढरे कोंब उसळून आले, एकमेकांत गुंतलेले. फकिरा पुढं वाकला. "आयला! केदारबाबू, तुमच्या टिनानं तं कमाल केली."

"एक, दोन, तीन..." खुशीची काडी चालू झाली. तिची मराठी चाळीसपर्यंत नीट जाते, शाळा हिंदीची. चाळीसनंतर ती अडखळली, "इकतालीस" म्हणाली, मामाजींनी भुवई उचलली, तिनं जीभ चावली, "एक्केचाळीस". एरवी आम्ही हसतो. त्या दिवशी मी प्रत्येक आकडा तिच्याबरोबर मनात मोजत होते. एकोणसत्तरला ती थांबली. वर पाहिलं. आबाजींकडं नाही, माझ्याकडं.

"एकोणसत्तर," मी सांगितलं.

"मले येते," ती म्हणाली आणि पुन्हा खाली पाहून मोजायला लागली.

त्र्याण्णव.

केदारनं श्वास सोडला तो मला तीन हातांवरून ऐकू आला. मामाजींनी काहीच चेहऱ्यावर दाखवलं नाही. खडू घेतला, पाटीवर लिहिलं, टिन - त्र्याण्णव. मग पांढरा धागा सोडला.

ती गुंडाळी उघडली तेव्हा पुढं वाकलेला फकिरा मागं सरला. दाण्यांच्या ओळी जशाच्या तशा पडल्या होत्या. खुशीला वेळ लागला नाही.

"सत्तावन्न," ती म्हणाली.

"पुन्हा मोज."

तिनं पुन्हा मोजलं. "सत्तावन्नच आहे, आबाजी."

मामाजींनी एक मुका दाणा उचलला, नखानं दाबला, वास घेतला. कोठीचं बियाणं त्यांच्या आठवणीत कधी ऐंशीच्या खाली आलं नव्हतं. ते उठून मागच्या अंगणात गेले. आम्ही सगळे दुकानात, कोणीच कोणाकडं पाहत नव्हतं. खिडकीतून मला दिसलं, ते कोठीच्या भिंतीवर हात ठेवून उभे होते, दुखणेकऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

परत आले तेव्हा हातात किल्ली होती.

"केदार." त्यांचा आवाज सरळ होता. "माह्यी कोठी म्हातारी झाली. भिंतीले ओल आली अशीन, मले समजलं नाही. तू बरोबर होता." किल्ली त्यांनी गल्ल्यावर ठेवली नाही, केदारच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. "मी दोन महिने तुह्याशी बोललो नाही. ते चुकलंच माह्यं."

केदारनं मूठ मिटलेलीच ठेवली. मला वाटलं, आता हा बोलेल. देवा, हा बोलू दे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या न बाबा."

मामाजींनी पाटीवर दुसरी ओळ लिहिली. कोठी - सत्तावन्न. लिहिताना खडू मोडला.

अकराच्या आधीच ट्रक आला. राजू ड्रायव्हरनं तो उलटा लावला, फकिरानं टिनाच्या गोडाऊनचं दार उघडलं आणि आतली गरम हवा दुकानापर्यंत आली. पहिली पोती चढायला लागली. त्याच वेळी दुर्गाबाई आली, तिरोडीकडच्या आपल्या गावाहून पहिल्या बसनं, डोक्यावर पदर, हातात जांभळांचा द्रोण. दरवर्षी ती मोजणाऱ्या पोरासाठी काहीतरी आणते. केदार मोजायचा तेव्हा त्याच्यासाठीही आणायची.

"पोरीनं मोजलं का?"

"मोजलं," मामाजी म्हणाले. "पण बाई, यंदा कोठीचं घेऊ नको. टिनाखालचं ने."

"काहून?"

"कोठीचं नाही उगवत."

दुर्गाबाई हसली. "काय मजाक करून राह्यले शेठ! माह्या सासूपासून कोठीचंच नेतो आमी."

"पोरीनं मोजलं आहे," मामाजी म्हणाले.

तिचं हसू थांबलं. ती क्षणभर पाटीकडं पाहत राहिली, तिला वाचता येत नसलेल्या त्या दोन ओळींकडं. मग म्हणाली, "पोरीनं मोजलं तं झालं मंग. टिनाचं द्या." आणि वाकून द्रोण खुशीसमोर धरला. "घे वं माय. तुह्यी मोजणीची जांभळं."

खुशीनं हात मागं घेतला.

"घे न! काहून लाजते? मागच्या साली तं द्रोणासकट खाऊन राह्यली होती."

"नको," खुशी म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं. सकाळी एकोणसत्तरला पाहिलं होतं अगदी तसंच. तेव्हा मला वाटलं होतं तिला आकडा आठवत नाही.

फकिरानं दुर्गाबाईचं पहिलं पोतं पाठीवर घेतलं होतं.

"फकिराभाऊ, थांबा."

"आता काय झालं सूनबाई? खाली होतं तवा बोलायचं न, पाठीवर चढवल्यावर थांबा म्हनते."

"खाली ठेवा ते." माझाच आवाज मला कोणा दुसऱ्या बाईचा वाटला. "मामाजी, कोठीचं बियाणं चांगलं आहे. ते त्र्याण्णव कोठीचे आहेत. मी धागे बदलले. आज सकाळी."

बाहेर ट्रकचं इंजिन चालू होतं. कोणीतरी ते बंद करावं असं मला फार वाटत होतं.

"काय म्हनते हे?" दुर्गाबाईनं फकिराला विचारलं. त्यानं पोतं हळूच उतरवलं.

"मीच म्हटलं होतं तिले," केदार म्हणाला.

"तू नव्हतं म्हटलं," मी म्हणाले.

"म्हटल्यासारखंच होतं." त्यानं मूठ उघडली. किल्लीचे दात त्याच्या तळहातावर उमटले होते. त्यानं ती गल्ल्यावर ठेवली, वडिलांकडं न पाहता, आणि तिथंच बाजूला उभा राहिला, शाळेत उभं करतात तसा.

मामाजी रागावतील याची मी तयारी केली होती. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पाटी पुसली, नीट, कोपऱ्यांपर्यंत. मोडक्या खडूनं पुन्हा दोन ओळी लिहिल्या. कोठी - त्र्याण्णव. टिन - सत्तावन्न. मग दारात जाऊन म्हणाले, "राजू भैया, माल उतार दो. गाडी खाली जाएगी."

"सेठ, व्यापारी मेरी जान खा जाएगा!"

"उसको बोलो मुझे फोन करे."

दुर्गाबाईनं कोठीची दोन पोती घेतली. पैसे देताना ती नेहमी काहीतरी टोमणा मारते, त्या दिवशी मारला नाही. जाताना थांबली, द्रोण सतरंजीवर ठेवला, खुशीच्या नाही, माझ्या जवळ. ते का, मला अजून समजलं नाही.

पोती उतरवून होईपर्यंत मामाजी स्टुलावर बसून होते. मग त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"धागे बदलले तवा पोरगी उठली होती का?"

"नाही मामाजी. झोपली होती."

"मी उठली होती," खुशी म्हणाली.

ती अजून सतरंजीवरच होती, मांडी घालून, हातात झाडूची काडी. "परातीचा आवाज आला तं मी उठली. मले वाटलं मम्मी पाणी टाकून राह्यली. मंग पाह्यलं तं ती धागे सोडत होती. मी पुन्हा डोळे मिटले." मग घाईनं, आपल्याला कोणी रागावेल म्हणून, "पण मी बरोबर मोजलं आबाजी. जेवढे होते तेवढेच सांगतले. दोनदा मोजलं."

"हौ, बेटा," मामाजी म्हणाले. "तू बरोबरच मोजलं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि सकाळपासून पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा मोडलेला दिसला. कोठी म्हातारी झाली म्हणाले तेव्हाही तो असा नव्हता.

दुपारी बाजार लाइन उन्हानं बंद पडते, तेव्हाचा तासभर माझा असतो. मामाजी न जेवता पडले होते. केदार टिनाच्या गोडाऊनमध्ये एकटाच बसला होता, दार उघडं टाकून, त्या भट्टीत. मी दोनदा बोलावलं. "येतो," म्हणाला. रायपूरचं नाव त्यानं काढलं नाही, किल्लीचंही नाही. ती गल्ल्यावर तशीच होती. कोणी उचलत नव्हतं.

मी मोरीत बसून दोन्ही गोणपाटं धूत होते. खुशी आली, माझ्या पाठीला पाठ लावून बसली. तिला राग आला की ती असं बसते, पण राग असला तरी टेकते. पाठीतून तिचा श्वास मला लागत होता. मी जांभळांचा द्रोण हात मागं करून तिच्याकडं सरकवला. तिनं एक उचललं, खाल्लं नाही, बोटांत फिरवत राहिली.

"मम्मी."

"हं."

"आबाजी म्हणतात, मोजणाऱ्याले मालूम नसलं पाह्यजे कोणता आकडा चांगला."

"हौ."

"पहले मले नव्हतं मालूम. खरंच नव्हतं."

"माहीत आहे मला, राणी."

नळाखाली गोणपाटातून एक कोंब सुटला, पाण्याबरोबर मोरीच्या जाळीशी गेला आणि तिथं अडकला. मी तो काढायला हात घातला.

"आता मालूम पडलं," ती म्हणाली. "मंग पुढच्या साली कोण मोजन?"